एचआयव्हीवरचा अभ्यास: सिनॉप्सिसपासून यादी नष्ट करण्यापर्यंत

कम्युनिटी मेडिसिनचे पीजी विद्यार्थी, एमएसडब्ल्यू करणारी मुले, नर्सिंग कॉलेजे आणि छोट्या स्वयंसेवी संस्था यांच्या एचआयव्हीवरच्या अभ्यासांत चुका बहुतेक ठरलेल्या असतात. आकडेमोडीची चूक नंतर सुधारता येते. क्रम चुकला तर मात्र काहीच हातात उरत नाही. रक्त घेऊन झाल्यावर संमतीपत्र आठवते. मुलाखती संपल्यावर नावांची यादी कुठे ठेवायची याचा विचार सुरू होतो. कुणी पॉझिटिव्ह निघाले की मग "आता यांना कुठे पाठवायचे" म्हणून फोनाफोनी होते. याची झळ अभ्यास करणाऱ्याला फारशी बसत नाही, ती बसते त्या माणसाला. तालुक्याच्या गावात एखाद्याचे नाव एकदा बाहेर पडले की ते परत झाकता येत नाही.

म्हणून खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने घ्या. सहावी पायरी पुरी झाल्याशिवाय कुणाच्याही बोटाला लॅन्सेट लावू नका.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

"अमुक जिल्ह्यातील एचआयव्ही प्रसाराचा अभ्यास" हे झाले शीर्षक. त्याच्या पोटात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. आज किती जणांना लागण आहे, हा प्रिव्हलन्सचा प्रश्न. वर्षभरात नव्याने किती जणांना लागण होते, हा इन्सिडन्सचा. आणि लागण कशी, कुणाकडून कुणाला जाते, हा खऱ्या अर्थाने प्रसाराचा. तिन्हींना लागणारी माहिती वेगवेगळी आहे.

बहुतेक जण माहिती पहिल्या प्रश्नाची गोळा करतात आणि निष्कर्ष दुसऱ्याचा काढतात. बाधितांचे प्रमाण वाढलेले दिसले की "प्रसार वाढतो आहे" असे बिनदिक्कत लिहून मोकळे होतात. पण एआरटीमुळे, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचारामुळे, माणसे जगतात, वर्षानुवर्षे जगतात. भारतात २०१७ पासून सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) कितीही असो, निदान झाले की उपचार सुरू करायचे असे धोरण आहे. मृत्यू कमी झाले की नव्या लागणी घटत असतानाही एकूण बाधितांची संख्या तेवढीच राहू शकते, वाढूही शकते. आकडा वाढलेला जिल्हा उत्तम काम करणारा जिल्हा असू शकतो.

नव्या लागणी मोजायच्या तर निगेटिव्ह माणसांचा पाठपुरावा करून त्यांची ठरावीक काळाने पुन्हा चाचणी करावी लागते. पीजीच्या मुदतीत ते सहसा जमत नाही. त्याऐवजी १५ ते २४ वयाच्या गरोदर स्त्रियांमधले प्रमाण पाहतात, कारण त्या वयात सापडलेली लागण तुलनेने अलीकडची असण्याची शक्यता जास्त. लागण ताजी की जुनी हे सांगणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचण्याही आहेत. त्या वापरणार असाल तर एआरटी घेणारे लोक आधी बाजूला काढा. औषधाने विषाणू दबलेला असला की जुनी लागणही ताजी म्हणून दिसते.

तपासा: कोऱ्या कागदावर थिसिसमधला शेवटचा तक्ता आखा, आकडे न भरता. प्रत्येक रकान्याखाली तो आकडा कोणत्या रजिस्टरमधून किंवा कोणत्या प्रश्नातून येणार ते पेन्सिलने लिहा. एखादा रकाना कुठूनच भरता येत नसेल तर प्रश्न बदला. हे काम एका संध्याकाळचे आहे आणि पुढचे सहा महिने वाचवते.

२. नमुन्याचे गणित: सूत्रात आकडे घालण्याआधी थांबा

आपल्याकडे नमुना ठरवायचा म्हटले की हात आपोआप "४पीक्यू भागिले एल वर्ग" कडे जातो (पी म्हणजे अपेक्षित प्रमाण, क्यू म्हणजे शंभरातून पी वजा, एल म्हणजे चालेल इतकी चूक). एचआयव्हीच्या बाबतीत हे सूत्र डोळे मिटून वापरले तर काय होते ते करूनच पाहा. भारतात प्रौढांमधले बाधितांचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. पी ०.२, क्यू ९९.८, आणि सवयीने एल ५ टक्के धरला. उत्तर येते ३.१९. म्हणजे जिल्ह्यातले एचआयव्हीचे प्रमाण काढायला चार माणसे पुरेत! पाच टक्क्यांची चूक चालेल असे आपण म्हणालो, आणि मोजायची गोष्टच मुळी ०.२ टक्के आहे. आता एल पीच्या २० टक्के, म्हणजे ०.०४ धरा. उत्तर येते ४९,९००. जवळपास पन्नास हजार माणसे. एकट्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची गोष्ट.

मग मधला मार्ग म्हणून ४०० घेतले जातात, कारण राष्ट्रीय सेंटिनल सर्व्हेलन्समध्ये, म्हणजे ठरावीक केंद्रांवर फेरीफेरीने होणाऱ्या एचआयव्ही पाहणीत, गरोदर मातांच्या केंद्रावर ४०० नमुने घेतात. पण तिथले ४०० एका केंद्राचे असतात, अशी अनेक केंद्रे एकत्र पाहिली जातात, आणि फेरीमागून फेरी कल काय आहे ते तपासले जाते. एकट्या अभ्यासाने त्याची नक्कल करून भागत नाही. प्रमाण ०.२ टक्के असेल तर ४०० जणांत सरासरी ०.८ बाधित सापडतील, आणि एकही न सापडण्याची शक्यता जवळजवळ ४५ टक्के आहे.

सावधान: ४०० पैकी शून्य निघाले म्हणून "या भागात एचआयव्ही आढळला नाही" असे लिहू नका. शून्य आले की तीन भागिले नमुना ही वरची मर्यादा धरायची: ३ भागिले ४००, म्हणजे ०.७५ टक्के. तुमच्या भागातले प्रमाण राष्ट्रीय सरासरीच्या जवळपास चौपट असले तरी तुमच्या अभ्यासात शून्य येऊ शकते. अहवालात शून्याशेजारी ही मर्यादा छापलीच पाहिजे.

माझे स्पष्ट मत आहे की एकट्याने, एका वर्षात करायच्या अभ्यासाने प्रिव्हलन्सच्या नादी लागूच नये. त्यापेक्षा उपयोगाचे कितीतरी प्रश्न पडून आहेत. गरोदर स्त्रीची चाचणी पहिल्या तिमाहीत होते का, की थेट प्रसूतीच्या वेळी? निदान आणि एआरटीची पहिली गोळी यांत किती दिवस जातात? गोळ्या सोडलेल्यांनी का सोडल्या? खासगी दवाखान्यात इंजेक्शनला दर वेळी नवी सिरिंज उघडतात का? या प्रश्नांना शेदोनशे माणसांत नीट उत्तर मिळते, आणि ते उत्तर दुसऱ्याच दिवशी कुणाच्या तरी कामी येते.

३. यादीतून कोण सुटते आहे ते शोधा

इथे घाई नको. उरलेले सगळे या पायरीवर उभे आहे.

२००७ साली भारतातल्या बाधितांचा अंदाज पन्नास लाखांच्या वरून एकदम सुमारे पंचवीस लाखांवर आला. देशात एकाएकी काही घडले नव्हते. आधीचे अंदाज मुख्यतः ठरावीक केंद्रांवर, सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांवरून आणि जोखमीच्या गटांवरून बांधलेले होते. तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने घरोघरी जाऊन रक्तनमुने घेतले, सेंटिनल केंद्रेही वाढली, आणि चित्र बदलले. नमुना कुठून उचलला यावर लाखो माणसांचा फरक पडतो, तिथे आपल्या तालुक्याचे काय?

महाराष्ट्रात चार ठिकाणी हमखास गफलत होते.

पहिली ऊसतोडीची. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या गावांत गाळप हंगामात गेलात तर कामाच्या वयाची जोडपी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असतात. गावात भेटतात म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले. तुम्ही "घरोघरी सर्वेक्षण" म्हणता, पण ज्यांच्याबद्दल प्रश्न आहे ती घरेच कुलूपबंद असतात. एक तर हंगाम संपल्यावर जा, किंवा कुलूपबंद घरांची वेगळी नोंद करून ती संख्या अहवालात द्या.

दुसरी माहेराची. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी येते. तिची चाचणी माहेरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते आणि नोंद त्या तालुक्याच्या खात्यावर पडते. तिचे, नवऱ्याचे आयुष्य मात्र दुसऱ्याच जिल्ह्यात, कदाचित मुंबईत किंवा सुरतेत. रजिस्टरमधल्या पत्त्यावरून नकाशा रंगवला तर तो माहेरांचा नकाशा होतो. "गेल्या बारा महिन्यांत सर्वांत जास्त काळ कुठे राहिलात" हा एक प्रश्न यादीत घाला.

तिसरी एआरटी केंद्राची. ओळखीचे कुणी भेटू नये म्हणून पुष्कळ जण मुद्दाम शेजारच्या जिल्ह्यातून औषध घेतात. एआरटी केंद्राची नोंदणी म्हणजे त्या जिल्ह्यातले रुग्ण, हे समीकरण दोन्ही बाजूंनी चुकते.

चौथी दुबार नोंदीची. पॉझिटिव्ह आलेला माणूस खात्री करायला दुसऱ्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन व चाचणी केंद्रात, जातो, मग तिसऱ्या. निकाल खरा वाटत नाही, त्यात नवल नाही. पण केंद्रांची बेरीज केली की एकच माणूस तीनदा मोजला जातो. चाचण्यांची संख्या आणि माणसांची संख्या हे दोन वेगळे रकाने ठेवा.

तपासा: नमुना सलग घ्यायचा ठरवला असेल तर तो खरोखर सलग घ्या. ओपीडीत आलेली पहिली पात्र स्त्री, दुसरी, तिसरी, कुणालाही न गाळता. "ही बोलेल असे वाटते" म्हणून निवडलेला नमुना सलग नसतो. नकार देणाऱ्यांची संख्या आणि कारण लिहून ठेवा. नाव नको, संख्या पुरे.

४. परवानग्या, क्रमाने

यावर फार लिहिण्यासारखे नाही, पण क्रम महत्त्वाचा. आधी संस्थेची एथिक्स कमिटी. मग आयसीटीसी, एआरटी केंद्र किंवा टीआय प्रकल्प (जोखमीच्या गटांसाठीचे प्रतिबंध प्रकल्प) यांची माहिती किंवा जागा लागणार असेल तर राज्य एड्स नियंत्रण संस्थेमार्फत नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची) लेखी परवानगी. मुंबईत ही संस्था वेगळी आहे, मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्था. गोव्याची अर्थातच गोव्याची. केंद्रातल्या समुपदेशकाशी तुमची ओळख आहे, ती "या, बघा रजिस्टर" म्हणाली, याला परवानगी म्हणत नाहीत. तुम्ही तिची नोकरी धोक्यात घालता.

कायदा वाचा. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, लागू १० सप्टेंबर २०१८ पासून. माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी नाही आणि संशोधनही नाही. साथरोग सर्वेक्षणासाठीच्या निनावी चाचणीला त्यात अपवाद आहे, पण तिथे कुणा एका व्यक्तीचा निकाल शोधायचा नसतो, आणि लोकांना हेतू सांगावाच लागतो. कोड नंबरावरून माणसापर्यंत पोहोचता येत असेल तर तुमचा अभ्यास त्या अपवादात बसत नाही.

सावधान: अठराखालच्या मुलांना लैंगिक संबंधांबद्दल विचारणार असाल तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याने कळवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट तुम्हाला गुप्त ठेवता येणार नाही, हे विचारण्याआधी ठरवा आणि त्याला आधी सांगा. पालकांच्या संमतीबरोबर मुलाची स्वतःची तयारीही हवी: सात ते बारा वयात तोंडी, बारा ते अठरा वयात सोप्या भाषेत लेखी.

५. पॉझिटिव्ह निघाल्यास काय, हे आधी ठरवा

अभ्यासात चाचणी करणार असाल तर पहिल्या थेंबाआधी या गोष्टी कागदावर हव्यात: निकाल कोण सांगणार, कुठे बसून सांगणार, खात्रीची चाचणी कुठे होणार, एआरटी केंद्रापर्यंत सोबत कोण जाणार, आणि जायला पैसे नसतील तर ते कुठून येणार. "रेफर केले" एवढे पुरत नाही. माणूस केंद्रात पोहोचला का, हे विचारणारा कुणीतरी नावानिशी ठरलेला असला पाहिजे.

एका रॅपिड किटवर निकाल सांगू नका. का, ते आकड्यांतच पाहा. दहा हजार माणसे, प्रमाण ०.२ टक्के, म्हणजे खरे बाधित २०. समजा किट हे वीसही जण पकडते आणि बाधित नसलेल्यांत ९९.५ टक्के वेळा बरोबर निगेटिव्ह दाखवते. ऐकायला झकास वाटते. उरलेल्या ९,९८० जणांच्या अर्ध्या टक्क्याला, म्हणजे सुमारे ५० जणांना ते चुकीचे रिअॅक्टिव्ह दाखवेल. एकूण रिअॅक्टिव्ह ७०, खरे त्यातले २०. किटवर दोन रेघा उमटलेल्या दहांतल्या सात जणांना एचआयव्ही नाहीच! त्यातली एखादी त्याच रात्री विहीर जवळ करू शकते, तिला घराबाहेर काढले जाऊ शकते. म्हणूनच आयसीटीसीत लक्षणे नसलेल्या व्यक्तीला पॉझिटिव्ह म्हणण्याआधी तीन वेगवेगळ्या किटवर तपासतात आणि तिन्ही रिअॅक्टिव्ह आले तरच तसा अहवाल देतात.

उलट बाजूही लक्षात ठेवा. लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील तर चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. अलीकडे जोखीम घडलेल्या माणसाला तीन महिन्यांनी पुन्हा बोलवा, आणि "तुम्ही सुटलात" असे कधी म्हणू नका. अठरा महिन्यांखालच्या बाळावर साधी अँटिबॉडी चाचणी करून बाळ बाधित आहे असे ठरवता येत नाही, कारण आईच्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात असतात. तिथे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर चाचणी लागते, आणि तिची सोय एचआयव्ही कार्यक्रमातून होते.

तुमच्या स्वतःच्या माणसांचाही विचार करा. रक्त घेणाऱ्याला सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, स्पिरिट किंवा ब्लीच ओतायचे नाही. प्रतिबंधक औषध जितक्या लवकर तितके चांगले, ७२ तासांच्या आत, आणि पुढे २८ दिवस. फील्डपासून सर्वांत जवळ ते कुठे मिळते, रात्री आणि रविवारी कुठे मिळते, तो नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये पहिल्याच दिवशी हवा.

तपासा: नॅकोची १०९७ ही मोफत हेल्पलाइन प्रत्येक सहभागी व्यक्तीला माहीत आहे का? एकदा स्वतः फोन लावून पाहा, म्हणजे दुसऱ्याला नीट सांगता येईल.

६. संमतीपत्र, कोड आणि कागद

ठरावीक नमुन्यातले संमतीपत्र घ्या आणि त्याचे शीर्षक वाचा. "एचआयव्ही बाधित स्त्रियांच्या जीवनमानाचा अभ्यास". नियम म्हणतो, एक प्रत सहभागी व्यक्तीला द्या. ती बाई ती प्रत पर्समध्ये घालून घरी नेते. संध्याकाळी रिक्षाच्या सुट्ट्या पैशांसाठी दीर पर्स उघडतो. अभ्यासाने एकही नियम मोडलेला नाही, आणि तरी तिचे गुपित उघडे पडले आहे.

म्हणून सहभागींच्या प्रतीवरचे शीर्षक सर्वसाधारण ठेवा, "स्त्रियांच्या आरोग्याविषयी अभ्यास" असे काही. आत काय आहे ते तोंडी पूर्ण समजावून सांगा. प्रत न्यायची की केंद्रातच ठेवायची, हे तिला विचारा. हे सगळे एथिक्स कमिटीकडून आधी मंजूर करून घ्या. नीट कारण दिले तर कमिटी मान्य करते.

कागदांचे तीन गठ्ठे आणि तीन जागा. सही किंवा अंगठा असलेली संमतीपत्रे एका कुलुपात. नाव आणि कोड जोडणारी मास्टर लिस्ट दुसऱ्या कुलुपात, एकच प्रत. आणि फक्त कोड असलेल्या प्रश्नावल्या तिसरीकडे. एक्सेल शीटमध्ये नावाचा रकाना नको, मोबाइल नंबराचा नको, आधारचा तर अजिबात नको. कोडमध्ये आद्याक्षरे आणि जन्मसाल घालण्याची सवय सोडा, लहान गावात तेवढ्यावरून माणूस ओळखू येतो.

सावधान: रजिस्टरच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढू नका. "नंतर टाइप करतो" म्हणून काढलेला फोटो गॅलरीत राहतो, गॅलरी आपोआप क्लाउडवर चढते, घरातला लहान मुलगा मोबाइल घेऊन बसतो. गाइडला शंका विचारायला तोच फोटो व्हॉट्सअॅपवर जातो. हे मी गृहीत धरून लिहीत नाही, हे सर्रास चालते. नोंद तिथेच बसून, कोडसह, कागदावर उतरवा.

पाठपुराव्याचा फोन करायचा असेल तर तो कुणी उचलला तर काय बोलायचे, हे त्या व्यक्तीलाच आधी विचारून ठेवा. काही जणी म्हणतील, "बचत गटाचे काम आहे म्हणा." तेच म्हणा. संस्थेचे नाव रंगवलेली जीप कुणाच्या दारात उभी करू नका.

७. मुलाखत

जागा आधी, प्रश्न नंतर. सासू उंबऱ्यात बसली असेल तर मुलाखत होत नाही, उत्तरे तेवढी मिळतात. घर टाळा. उपकेंद्रातली खोली, अंगणवाडीची मागची बाजू, किंवा तिने सांगितलेली जागा घ्या. स्त्रियांशी स्त्रीने बोलावे. हिजडा, तृतीयपंथी व्यक्ती किंवा पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष यांच्याशी बोलायचे तर त्याच समाजातला प्रशिक्षित पीअर सोबत असावा, आणि प्रश्नावली त्याने आधी तपासलेली असावी.

वय, शिक्षण, कामधंदा इथून सुरुवात करा. लैंगिक संबंधांचे प्रश्न दोन तृतीयांश मुलाखत झाल्यावर, आणि शेवट त्यांवर करू नका. नंतर औषधे, प्रवास, मुले अशा विषयांवर येऊन मग उठा. प्रश्नात निवाडा नको. "अनैतिक संबंध होते का" या प्रश्नाला कुणीही "नाही" म्हणेल. "नवऱ्याखेरीज" किंवा "बायकोखेरीज आणखी कुणाशी संबंध आले का" असे साधे विचारा, आणि काळ लहान ठेवा, गेले तीन महिने किंवा एक वर्ष.

पायलट, म्हणजे प्रश्नावली पारखण्याच्या, मुलाखती बारा-पंधरा तरी करा. आणि पायलट म्हणजे मित्रांना भरायला दिलेला गूगल फॉर्म नव्हे.

८. "कोणाकडून कोणाला" हे लिहिण्याआधी

सर्वांत मोठा अन्याय या पायरीवर होतो, म्हणून जरा विस्ताराने.

आपल्याकडे लग्न झालेल्या जोडप्यात पहिली चाचणी बहुधा बाईची होते, कारण ती गरोदर राहते आणि गरोदरपणात सगळ्यांचीच चाचणी होते. निकाल आधी तिचा येतो. घरच्यांच्या तोंडी लगेच "हिनेच आणला". आणि अभ्यास करणारा तक्त्यात तिच्या नावापुढे "इंडेक्स केस" लिहितो. इंडेक्स म्हणजे आधी सापडलेली व्यक्ती. आधी लागण झालेली व्यक्ती असा त्याचा अर्थ नाही. निदानाची तारीख आणि लागणीची तारीख यांत वर्षांचे अंतर असू शकते. हा फरक अहवालात पहिल्या उल्लेखालाच स्पष्ट लिहा.

दोघे पॉझिटिव्ह आहेत म्हणून एकाने दुसऱ्याला दिला, हेही धरून चालता येत नाही. लवकर उपचारांनी जोडीदाराची लागण टळते का हे पाहणाऱ्या एचपीटीएन ०५२ या अभ्यासात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती, भारतातली केंद्रे पुणे आणि चेन्नई. सुरुवातीला जोडप्यातला एक जण बाधित, दुसरा नव्हता. २०११ साली जाहीर झालेल्या निकालात ३९ जोडीदारांना नव्याने लागण झालेली होती. विषाणूंची जनुकीय तुलना केल्यावर त्यांतल्या २८ जणांच्या बाबतीत तो विषाणू जोडीदाराकडचा असल्याचे जुळले. उरलेल्या ११ जणांत ते सिद्ध झाले नाही. जोडप्यांची इतकी काटेकोर देखरेख असलेल्या अभ्यासात ही स्थिती, तर आपण दोन रिपोर्ट शेजारी ठेवून काय ठरवणार? त्या २८ पैकी एकच लागण लवकर उपचार सुरू केलेल्या गटातली होती, हे मात्र प्रत्येक जोडप्याला सांगावे असे आहे.

जनुकीय तुलना स्वतः करण्याचा मोह झाला तर एवढे ध्यानात ठेवा: दोन विषाणू जवळचे आहेत हे त्यातून कळते, पण एवढ्यावरून दिशा सिद्ध होत नाही. दोघांनाही तिसऱ्याकडून लागण झालेली असू शकते.

रजिस्टरमधला "लागणीचा मार्ग" हा रकानाही असाच. तिथे लिहिलेले असते ते माणसाने सांगितलेले, आणि माणूस सांगायला सोपे ते सांगतो. पुरुषांशी संबंध असलेला विवाहित पुरुष "बाईकडून" म्हणतो, समुपदेशक तेच लिहितो. तक्त्याचे शीर्षक "लागणीचा मार्ग" न ठेवता "सांगितलेला मार्ग" असे ठेवा.

सावधान: मूल पॉझिटिव्ह आणि आई निगेटिव्ह, असे एकही उदाहरण दिसले तर कामाची दिशा बदला. आईकडून आलेली नाही म्हणजे रक्त, सुई किंवा लैंगिक अत्याचार. पाकिस्तानात लारकाणा जिल्ह्यातल्या रातोदेरोला २०१९ मध्ये शेकडो जण बाधित निघाले, त्यात बहुसंख्य लहान मुले होती, आणि मुख्य कारण असुरक्षित इंजेक्शने. उत्तर प्रदेशात उन्नावमधल्या बांगरमऊ भागात २०१८ साली सिरिंज पुन्हा पुन्हा वापरल्याचा संशय पुढे आला तो असाच, एकाच भागात अनेक रुग्ण सापडल्यावर. अशा वेळी थिसिसची वाट पाहू नका. त्याच दिवशी जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा एड्स नियंत्रण पथकाला कळवा, आणि लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सोखालची सूचना त्यांच्यावर सोपवून मोकळे होऊ नका, ती वेगळी द्यावी लागते.

९. मांडणी

प्रत्येक टक्क्याखाली छेद लिहा: कितींपैकी. "पॉझिटिव्हिटी २ टक्के" म्हणजे चाचणी केलेल्यांत, लोकसंख्येत नव्हे. चाचण्या कुणाच्या केल्या यावर तो आकडा ठरतो. टीबीच्या रुग्णांत आणि गरोदर स्त्रियांत तो सारखा येणार नाही.

पाचपेक्षा कमी माणसे असलेला रकाना छापू नका, शेजारच्या गटात मिसळा. तालुका, वय, जात आणि व्यवसाय एकाच तक्त्यात आले की गावातला एकुलता एक पस्तिशीतला विधुर शिंपी वाचणाऱ्याला नावानिशी कळतो. मुलाखतीतली वाक्ये उद्धृत करताना मुलांची संख्या आणि गाव बदला, आणि तसे बदलले आहे हे लिहा. थिसिस पुढे इंटरनेटवर चढतो आणि तो त्या गावातही वाचला जातो, हे गृहीत धरूनच लिहा.

१०. परत जा, मग यादी नष्ट करा

निकाल विभागात सादर करण्याआधी ज्यांनी माहिती दिली त्यांना सांगा. टीआय प्रकल्पातल्या पीअरना, आयसीटीसीच्या समुपदेशकांना, एआरटी केंद्रात भेटलेल्या, बाधितांच्या नेटवर्कच्या लोकांना, एका दुपारी, मराठीत, दोन पानांत. पुष्कळदा तिथेच कळते की तुम्ही काढलेला अर्थ उलटा होता. गोळ्या सोडण्याचे कारण तुम्ही "अज्ञान" लिहिलेले असते, आणि एखादी बाई सांगते की केंद्र उघडते दहाला, तिची एकुलती एक एसटी पोहोचते बाराला, आणि एक खाडा म्हणजे एक मजुरी. असे झाले तर विश्लेषण पुन्हा उघडा.

त्यानंतर मास्टर लिस्ट. एथिक्स कमिटीने ठरवून दिलेली मुदत संपली की ती गाइडच्या समोर श्रेडरमध्ये घाला किंवा जाळा. पेन ड्राइव्ह, मेलचा ड्राफ्ट फोल्डर, जुना लॅपटॉप, प्रिंट काढलेल्या दुकानातला कॉम्प्युटर, सगळे तपासा. नष्ट केल्याची तारीख आणि दोघांच्या सह्या असलेला कागद एथिक्स कमिटीकडे जमा करा आणि त्याची पोच घ्या.